डंकन एडवर्ड्स

डंकन एडवर्ड्स (जन्म : १ ऑक्टोबर १९३६, डडली, इंग्लंड, मृत्यू : २१ फेब्रुवारी १९५८, म्युनिक, पश्चिम जर्मनी) हा मँचेस्टर युनायटेड आणि इंग्लंडचा राष्ट्रीय संघ यांच्याकडून खेळलेला व्यावसायिक फुटबॉलपटू होता. तो मुख्यतः डाव्या हाफ-बॅकच्या, म्हणजे आजच्या भाषेत मिडफिल्डरच्या जागी खेळत असे. युनायटेडसाठी त्याने १७७ सामन्यांत २१ गोल केले, तर इंग्लंडसाठी १८ सामन्यांत ५. दोन लीग विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथे झालेल्या विमान अपघातात तो गंभीर जखमी झाला आणि पंधरा दिवसांनी वयाच्या २१व्या वर्षी मरण पावला.

तरुणपणी अपघातात गेलेल्या माणसाची कीर्ती मृत्यूनंतर वाढत जाते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. एडवर्ड्सच्या बाबतीतही तसे झाले आहे, आणि त्याच्याविषयी लिहिलेल्या पुष्कळ मजकुरात शोक आणि मूल्यमापन यांची सरमिसळ आढळते. त्यामुळे त्याची थोरवी समजून घेण्यासाठी फेब्रुवारी १९५८ पूर्वीची नोंद स्वतंत्रपणे पाहणे उपयुक्त ठरते. ती नोंद पाच वर्षांहूनही कमी काळाची आहे, परंतु पुरेशी बोलकी आहे.

बालपण आणि शालेय फुटबॉल

डडली हे इंग्लंडच्या मध्य भागातील, कोळसा आणि लोखंडाच्या उद्योगांवर वाढलेले गाव. तेथील वुडसाइड या भागात ग्लॅडस्टन आणि सारा ॲन एडवर्ड्स या दांपत्याच्या पोटी डंकनचा जन्म झाला. त्याची धाकटी बहीण कॅरल ॲन १९४७ मध्ये अवघ्या काही आठवड्यांची असताना वारली, त्यामुळे तो घरातला एकुलता एक मुलगा म्हणून वाढला. पुढे हे कुटुंब त्याच गावातील प्रायरी वसाहतीत राहावयास गेले.

शाळेत असताना फुटबॉलखेरीज मॉरिस नृत्यातही तो निपुण होता. पायांना घुंगरू बांधून गटाने करावयाचे हे इंग्लंडचे जुने लोकनृत्य आहे. नृत्याच्या राष्ट्रीय महोत्सवासाठी त्याची निवड झाली त्याच सुमारास चौदा वर्षांखालील शालेय फुटबॉल संघाच्या निवड चाचणीचेही बोलावणे आले. त्याने चाचणी स्वीकारली. पुढे धिप्पाड देहाचा हा खेळाडू पावलांवर इतका हलका कसा, याचे अनेकांना नवल वाटे. त्यांच्यापैकी फार थोड्यांना या नृत्याची माहिती असावी.

१ एप्रिल १९५० रोजी तो इंग्लंडच्या शालेय संघाकडून वेल्सविरुद्ध वेम्बली स्टेडियमवर खेळला, तेव्हा त्याचे वय साडेतेरा वर्षे होते. लवकरच तो या संघाचा कर्णधार झाला. डडलीच्या अगदी जवळ असलेला वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स आणि बर्मिंगहॅममधील ॲस्टन व्हिला हे दोन्ही बलाढ्य क्लब त्याच्यावर लक्ष ठेवून होते. तथापि मँचेस्टर युनायटेडच्या पारखी मंडळींनी व्यवस्थापक मॅट बझबी यांच्याकडे त्याचे नाव आधीच कळवले होते, आणि शालेय संघाला शिकवणारे जो मर्सर यांनीही त्याला घेण्याचा आग्रह बझबींकडे धरला. जून १९५२ मध्ये एडवर्ड्सने हौशी खेळाडू म्हणून युनायटेडशी करार केला. फुटबॉलमध्ये जम न बसल्यास हाताशी धंदा असावा म्हणून त्याने त्याच वेळी सुतारकामाची उमेदवारीही पत्करली होती.

मँचेस्टर युनायटेड

४ एप्रिल १९५३ रोजी कार्डिफ सिटीविरुद्ध त्याने पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये पदार्पण केले. वय होते १६ वर्षे १८५ दिवस. युनायटेडने तो सामना ४–१ असा गमावला. पदार्पणाचा सामना तसा विसरण्याजोगाच होता, परंतु त्यामागचा विचार महत्त्वाचा होता. १९५२ मध्ये लीग जिंकलेला युनायटेडचा संघ वयस्क होत चालला होता. नवे खेळाडू मोठ्या रकमा मोजून विकत घेण्याऐवजी शाळकरी वयातली मुले हेरून ती स्वतःच्या देखरेखीखाली घडवायची, असे बझबी आणि त्यांचे साहाय्यक जिमी मर्फी यांनी ठरवले होते. या मुलांच्या संघाला वृत्तपत्रांनी ‘बझबी बेब्ज’ असे नाव दिले. एडवर्ड्स हे या धोरणाचे सर्वांत ठळक फळ होय.

१९५३–५४च्या हंगामात हेन्री कॉकबर्न या अनुभवी हाफ-बॅकला दुखापत झाली. ३१ ऑक्टोबर १९५३ रोजी हडर्सफील्ड टाउनविरुद्ध त्याची जागा एडवर्ड्सला मिळाली. कॉकबर्न इंग्लंडकडून खेळलेला खेळाडू होता. तरीही ती जागा त्याला परत मिळाली नाही. त्या हंगामात एडवर्ड्स लीगचे २४ सामने खेळला आणि पुढच्या हंगामात ३३.

या काळात तो मोठ्यांच्या संघाबरोबर क्लबच्या युवा संघातूनही खेळत राहिला. एफए युवा चषक स्पर्धा १९५२–५३ मध्ये सुरू झाली आणि पहिली पाच वर्षे युनायटेडनेच ती जिंकली; त्यांपैकी पहिल्या तीन विजयांत एडवर्ड्सचा वाटा होता. १९५५ मध्ये मात्र यावरून वाद झाला. त्या एप्रिलमध्ये तो इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळला होता आणि त्याच महिन्यात त्याला युवा चषकातही उतरवण्यात आले. देशाचा खेळाडू मुलांविरुद्ध उतरवणे अन्यायाचे आहे, अशी टीका झाली आणि बझबींना वृत्तपत्रात लेख लिहून आपल्या निर्णयाचे समर्थन करावे लागले. नियमाप्रमाणे तो पात्र होता. कारण उघड होते : तो अजून अठरा वर्षांचाच होता.

१९५५–५६ मध्ये युनायटेडने दुसऱ्या क्रमांकावरील ब्लॅकपूलपेक्षा ११ गुण अधिक मिळवून लीग जिंकली. विजयाला दोनच गुण मिळण्याच्या त्या काळात हा फरक फार मोठा होता. १९५६–५७ मध्ये हे विजेतेपद संघाने राखले. त्याच हंगामात फुटबॉल लीगच्या अधिकाऱ्यांचा विरोध डावलून बझबींनी युरोपियन चषक स्पर्धेत भाग घेतला. या स्पर्धेत उतरणारा युनायटेड हा पहिला इंग्लिश क्लब ठरला. उपांत्य फेरीत रेआल माद्रिदने त्यांना दोन सामन्यांत मिळून ५–३ असे हरवले.

लीग आणि एफए चषक एकाच हंगामात जिंकण्याची कामगिरी विसाव्या शतकात तोवर कोणालाही साधली नव्हती. ४ मे १९५७ रोजी ॲस्टन व्हिलाविरुद्धच्या अंतिम सामन्यात युनायटेडला ती संधी होती. परंतु सुरुवातीच्या काही मिनिटांतच व्हिलाच्या पीटर मॅकपार्लंडची धडक बसून गोलरक्षक रे वुड याच्या गालाचे हाड मोडले. बदली खेळाडूची पद्धत तेव्हा नव्हती. मधला बचावपटू जॅकी ब्लँचफ्लॉवर गोलरक्षक झाला आणि त्याच्या जागी बचाव फळीच्या मध्यभागी एडवर्ड्सला जावे लागले. मॅकपार्लंडनेच दोन गोल केले आणि युनायटेड १–२ असा हरला.

खेळातील स्थान आणि शैली

आजच्या वाचकाला ‘हाफ-बॅक’ ही संज्ञा अपरिचित वाटण्याचा संभव आहे. त्या काळी इंग्लंडमधील संघ साधारणतः तीन बचावपटू, त्यांच्यापुढे दोन हाफ-बॅक, त्यांच्यापुढे दोन इनसाइड फॉरवर्ड आणि सर्वांत पुढे तीन आक्रमक अशा रचनेत खेळत. मैदानाच्या मध्यभागी हाफ-बॅक आणि इनसाइड फॉरवर्ड मिळून एक चौकोन तयार होई. प्रतिस्पर्ध्यांच्या इनसाइड फॉरवर्डांना अडवणे, चेंडू हिसकावणे आणि तो आपल्या आक्रमकांपर्यंत पोहोचवणे ही हाफ-बॅकची कामे होती. बचाव आणि आक्रमण या दोन्हींचा भार त्याच्यावर पडे, आणि सहसा खेळाडू यांपैकी एका कामात सरस व दुसऱ्यात बेताचा असे.

एडवर्ड्समध्ये ही विभागणी दिसत नाही. सुमारे ५ फूट ११ इंच उंची आणि ८० किलोंहून अधिक वजन यांमुळे टॅकलमध्ये त्याला हटवणे कठीण जाई. तो दोन्ही पायांनी सारख्याच सहजतेने चेंडू मारी, मैदानाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला लांब पास अचूक देई आणि हेडरमध्येही प्रबळ होता. चिखलाने जड झालेल्या कातडी चेंडूवर दुरून मारलेले त्याचे फटके विशेष गाजले. युनायटेडमध्ये उजव्या हाफ-बॅकच्या जागी एडी कोलमन हा ठेंगणा, चपळ आणि झुकांड्या देण्यात पटाईत असा खेळाडू असे. दोघांच्या खेळात साम्य जवळजवळ नव्हते, आणि म्हणूनच ही जोडी जमली.

त्याच्या क्षमतेचा सर्वांत भक्कम पुरावा गोलसंख्येत नाही. मधल्या फळीतील खेळाडूची किंमत गोलांवरून ठरत नसते. गरज पडेल त्याप्रमाणे त्याला बचाव फळीच्या मध्यापासून थेट आघाडीच्या मध्यापर्यंत कोणत्याही जागी खेळवले गेले आणि प्रथम श्रेणीच्या पातळीवर तो प्रत्येक ठिकाणी निभावून गेला, हे अधिक महत्त्वाचे आहे. त्याच्या खेळाचे चलच्चित्रण फारच थोडे उपलब्ध आहे. त्यामुळे पुढील पिढ्यांना त्याची ओळख मुख्यतः सहखेळाडू आणि प्रतिस्पर्धी यांच्या आठवणींतून झाली. या आठवणींत अतिशयोक्ती असू शकते. परंतु सहखेळाडू बॉबी चार्ल्टन, जो स्वतः पुढे विश्वविजेता झाला आणि जगभरातील थोर खेळाडूंबरोबर खेळला, त्याने आयुष्यभर एडवर्ड्सलाच सर्वश्रेष्ठ मानले, ही साक्ष हलकी म्हणता येत नाही.

इंग्लंडचा राष्ट्रीय संघ

२ एप्रिल १९५५ रोजी वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध त्याने इंग्लंडकडून पहिला सामना खेळला. वय १८ वर्षे १८३ दिवस. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडकडून इतक्या लहान वयात कोणीही खेळले नव्हते, आणि हा विक्रम फेब्रुवारी १९९८ मध्ये मायकल ओवेनने मोडेपर्यंत जवळजवळ ४३ वर्षे टिकला. इंग्लंडने तो सामना ७–२ असा जिंकला. त्याच संघात ४० वर्षांचा स्टॅन्ली मॅथ्यूजही होता. म्हणजे एका संघातील दोघांच्या वयात २० वर्षांहून अधिक अंतर होते.

२६ मे १९५६ रोजी बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियमवर इंग्लंडने तेव्हाच्या विश्वविजेत्या पश्चिम जर्मनीला ३–१ असे हरवले. एडवर्ड्सने प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकत पुढे धाव घेऊन दुरून मारलेला गोल हा त्याचा देशासाठीचा पहिला गोल होता. तोफेच्या आवाजावरून ‘बूम बूम’ हे टोपणनाव त्याला जर्मनांकडून मिळाले. डिसेंबर १९५६ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत डेन्मार्कविरुद्ध त्याने दोन गोल केले. हा सामना वुल्व्हरहॅम्प्टनच्या मॉलिन्यू मैदानावर, त्याच्या गावापासून अगदी थोड्या अंतरावर झाला. ६ एप्रिल १९५७ रोजी स्कॉटलंडविरुद्ध सामना संपत आला असताना त्याने मारलेल्या लांब फटक्याने इंग्लंडला २–१ असा विजय मिळवून दिला.

१९५८च्या विश्वचषकासाठी झालेले पात्रता फेरीचे चारही सामने तो खेळला आणि इंग्लंड स्वीडनमधील मुख्य स्पर्धेस पात्र ठरले. २७ नोव्हेंबर १९५७ रोजी फ्रान्सविरुद्ध ४–० असा जिंकलेला सामना त्याचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. युनायटेडचा कर्णधार रॉजर बर्न आणि आघाडीपटू टॉमी टेलर यांचाही तो इंग्लंडसाठीचा शेवटचा सामना होता.

१९५७च्या बॅलन डी'ऑर या युरोपातील सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी झालेल्या मतदानात आल्फ्रेडो दि स्तेफानो पहिला, इंग्लंडचा कर्णधार बिली राइट दुसरा, तर एडवर्ड्स आणि फ्रान्सचा रेमोंड कोपा संयुक्तपणे तिसरे आले. अपघाताच्या आधी, एकवीस वर्षांच्या जिवंत खेळाडूविषयी झालेले हे मतदान आहे. मृत्यूने त्याला मोठे केले या आक्षेपाला याहून सरळ उत्तर नाही.

मैदानाबाहेर

त्या काळी इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूंच्या वेतनावर कमाल मर्यादा होती आणि ती १९६१ पर्यंत टिकली. त्यामुळे देशातील अग्रगण्य खेळाडू असूनही एडवर्ड्सला हंगामात आठवड्याला १५ पौंडांच्या आसपासच मिळत. तो मँचेस्टरमध्ये भाड्याच्या खोलीत राही आणि सायकलवरून ये-जा करी. एकदा दिव्याशिवाय सायकल चालवल्याबद्दल न्यायालयाने त्याला ५ शिलिंग दंड केला. क्लबने मात्र त्याचे दोन आठवड्यांचे वेतन कापले. तो मितभाषी होता, दारूला शिवत नसे, आणि मासेमारी व चित्रपट हे त्याचे विरंगुळे होते.

सक्तीच्या लष्करी सेवेत त्याने दोन वर्षे काढली. श्रॉपशायरमधील नेसक्लिफ येथील दारूगोळ्याच्या तळावर तो होता व काही काळ बॉबी चार्ल्टनही त्याच्यासोबत होता. सैन्याच्या संघाला त्याच्यासारखा खेळाडू मिळाल्यावर त्याला विश्रांती कोण देणार? क्लब, देश आणि सैन्य या तिन्हींकडून खेळताना एका हंगामात त्याचे सामने शंभरच्या घरात गेले, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. विशी न ओलांडलेल्या देहावर एवढा भार टाकण्याबद्दल त्या काळी कोणी फारसा आक्षेप घेतल्याचे दिसत नाही.

म्युनिक

१ फेब्रुवारी १९५८ रोजी लंडनमधील हायबरी मैदानावर युनायटेडने आर्सेनलला ५–४ असे हरवले. सामन्यातील पहिला गोल एडवर्ड्सचा होता. इंग्लंडच्या भूमीवर तो खेळलेला हा शेवटचा सामना. तेथून संघ युरोपियन चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीसाठी युगोस्लाव्हियाला गेला आणि ५ फेब्रुवारीला रेड स्टार बेलग्रेडविरुद्ध ३–३ अशी बरोबरी करून, दोन्ही सामने मिळून ५–४ अशा फरकाने, उपांत्य फेरीत पोहोचला. शनिवारी, ८ फेब्रुवारीला, ओल्ड ट्रॅफर्डवर वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्ध लीगचा सामना होता. युरोपातील सामन्यांसाठी लीगचे वेळापत्रक सैल होणार नव्हते, म्हणून वेळेवर परतण्यासाठी क्लबने खास विमान ठरवले होते.

६ फेब्रुवारी रोजी हे विमान इंधन घेण्यासाठी म्युनिकला उतरले. उड्डाणाचे दोन प्रयत्न सोडून द्यावे लागले. दुपारी तीननंतर तिसऱ्या प्रयत्नात धावपट्टीवर साचलेल्या अर्धवट वितळलेल्या बर्फामुळे विमानाला पुरेसा वेग मिळाला नाही. ते कुंपण तोडून पुढच्या घरावर आदळले. विमानात ४४ जण होते. २० जणांचा तेथेच अंत झाला, आणि नंतर मरण पावलेले धरून मृतांची संख्या २३ झाली. वैमानिक जेम्स थेन यांच्यावर प्रथम ठपका ठेवण्यात आला होता. त्यांना दोषमुक्त ठरवायला १९६०च्या दशकाची अखेर उजाडली.

बर्न, कोलमन, टेलर, मार्क जोन्स, डेव्हिड पेग, लियम व्हेलन आणि जेफ बेंट हे सात खेळाडू तत्काळ दगावले. एडवर्ड्सला रेख्ट्स डेर इझार रुग्णालयात नेण्यात आले. त्याच्या पायाची हाडे अनेक ठिकाणी मोडली होती, बरगड्यांना इजा होती, आणि सर्वांत गंभीर म्हणजे मूत्रपिंडांना जबर मार बसला होता. तो जगला तरी पुन्हा खेळू शकेल का, याविषयी डॉक्टरांना शंका होती. वेल्सच्या राष्ट्रीय संघाच्या सामन्यामुळे विमानात नसलेले जिमी मर्फी भेटायला आले, तेव्हा शनिवारचा सामना किती वाजता सुरू होणार आहे, असे एडवर्ड्सने त्यांना विचारल्याचे सांगितले जाते. तो सामना तेव्हा पुढे ढकलला गेला होता.

त्याच्यासाठी तातडीने कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र मागवण्यात आले. १९५८ मध्ये हे तंत्र बाल्यावस्थेत होते. यंत्रामुळे रक्त गोठण्याची शक्ती कमी झाली आणि शरीरात अंतर्गत रक्तस्राव सुरू झाला. एवढ्या दुखापतींनंतर तो इतके दिवस तग धरून राहिला, याचेच डॉक्टरांना आश्चर्य वाटत होते. १९ फेब्रुवारी रोजी युनायटेडचा अपघातानंतरचा पहिला सामना शेफिल्ड वेन्झडेविरुद्ध झाला. कोण खेळू शकेल हे ठाऊक नसल्यामुळे सामन्याच्या छापील पत्रिकेत युनायटेडच्या अकरा नावांच्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या. युनायटेडने तो सामना ३–० असा जिंकला. त्यानंतर दोनच दिवसांनी, २१ फेब्रुवारीच्या पहाटे, एडवर्ड्सची प्राणज्योत मालवली.

२६ फेब्रुवारी रोजी डडलीच्या दफनभूमीत, बहीण कॅरल ॲनच्या शेजारी त्याचे दफन झाले. अंत्ययात्रेच्या वेळी रस्त्यांवर पाच हजारांहून अधिक लोक उभे होते.

पश्चात

त्या जूनमध्ये स्वीडनमधील विश्वचषकात इंग्लंडने गटातील तिन्ही सामने बरोबरीत सोडवले आणि सोव्हिएत संघाविरुद्धचा निर्णायक सामना ०–१ असा गमावला. बर्न, टेलर आणि एडवर्ड्स असते तर काय झाले असते, हा प्रश्न इंग्लंडमध्ये तेव्हापासून विचारला जातो. १९६६ मध्ये इंग्लंडने विश्वचषक जिंकला, त्या वेळी एडवर्ड्स २९ वर्षांचा असता. कर्णधार बॉबी मूरच्या पाठीवर त्या दिवशी ६ हा आकडा होता. युनायटेडमध्ये डाव्या हाफ-बॅकच्या नात्याने एडवर्ड्सही तोच आकडा वापरत असे. यावरून पुष्कळांनी बरेच तर्क लढवले आहेत, आणि ते तर्कच राहणार.

डडलीतील सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवण्यात आली. १९६१ मध्ये मॅट बझबी यांच्या हस्ते तिचे अनावरण झाले. खेळाविषयी त्याने लिहिलेले पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. १९९६ मध्ये ब्रिटनच्या टपाल खात्याने फुटबॉलपटूंवर काढलेल्या तिकिटांत त्याचा समावेश केला, आणि २००२ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनाची पहिली यादी झाली तीत त्याचे नाव होते. डडलीच्या बाह्यवळण रस्त्याला २००८ मध्ये त्याचे नाव देण्यात आले. गावाच्या बाजारपेठेत चेंडू मारण्याच्या पवित्र्यातील त्याचा पुतळा आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये त्याच्या अनावरणाला बॉबी चार्ल्टन आणि एडवर्ड्सची वृद्ध आई दोघेही उपस्थित होते.